११ पानांची एसओपी पंपापाशी वाचण्याजोगी कशी करायची?

महापे_उत्पादन
नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतला रसायनांचा कारखाना आहे. चालू पंप बंद करून स्टँडबाय (राखीव) पंप घेण्याची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) ११ पानांची आहे. उद्देश, व्याप्ती, व्याख्या, जबाबदाऱ्या यांतच चार पाने जातात आणि पहिली कृती पाचव्या पानावर येते. ऑडिटला कागद चालतो, पण रात्रपाळीत कोणी उघडत नाही, एकमेकांना विचारून काम होते. बहुतेक ऑपरेटर मराठी वाचतात, काही जण फक्त हिंदी. ऑडिटची बाजू न बिघडवता हे कसे सुधारावे? शिफ्ट हँडओव्हरच्या रजिस्टरचीही तीच गत आहे.

रबाळे_मेंटेनन्स
एकाच कागदाला तुम्ही दोन कामे लावली आहेत. ऑडिटरला जबाबदारी कोणाची ते हवे असते आणि ऑपरेटरला आता हात कुठे घालायचा ते. मूळ एसओपी फाइलीत तशीच राहू द्या. तिच्यातल्या फक्त कृती काढून एका पानाचे कार्ड करा, त्यावर एसओपीचा क्रमांक आणि रिव्हिजन (सुधारित आवृत्तीचा क्रमांक) टाका, आणि कार्ड हे एसओपीचे परिशिष्ट म्हणून नोंदवून घ्या. म्हणजे ऑडिटलाही अडचण नाही.

आता भाषा. तुमच्याकडे असे काहीतरी असणार: ‘सक्शन व्हॉल्व्ह पूर्णतः उघडा असल्याची तसेच केसिंगमधील हवा काढण्यात आल्याची खात्री करण्यात येऊन तद्नंतर पंप कार्यान्वित करण्यात यावा.’ ‘करण्यात यावा’ म्हणजे कोणी करायचा? पंपापाशी असलेल्या फील्ड ऑपरेटरने की कंट्रोल रूममधल्या पॅनेलवाल्याने? शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य लांबले की करायचे काय हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. त्यातच तीन कामे एका वाक्यात असली की मधले हमखास सुटते. असे लिहा (बी पंप म्हणजे स्टँडबाय; सक्शन म्हणजे द्रव पंपात येण्याची बाजू, डिस्चार्ज म्हणजे बाहेर जाण्याची; व्हेंट म्हणजे हवा काढायचे तोंड; मेकॅनिकल सील म्हणजे फिरत्या दांड्यापाशी गळती अडवणारा भाग):

फील्ड ऑपरेटर:
१. बी पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडून घ्या.
२. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद आहे का, हँडल फिरवून पाहा.
३. व्हेंट उघडून घ्या. साइट ग्लासमध्ये फुगे थांबले की व्हेंट बंद करा.
सावधान: हवा राहिली तर पंप कोरडा फिरतो आणि मेकॅनिकल सील जळते.
४. पंप चालू करा.

पहिल्या ओळीत मी ‘उघडा’ लिहिलेले नाही, ते मुद्दाम. ‘सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा’ याचे मराठीत दोन अर्थ होतात: तो उघडायचा आहे, किंवा तो उघडाच आहे. नुसत्या ‘बंद’चेही तेच. म्हणून कृती असेल तिथे ‘उघडून घ्या’, ‘बंद करा’, आणि तपासणी असेल तिथे ‘उघडा आहे का पाहा’. हा नियम सगळ्या कार्डांवर एकच ठेवा. ‘सोडा’ तर रसायनांच्या कारखान्यात क्रियापद म्हणून वापरूच नका. कॉस्टिक सोड्याच्या लाइनपाशी ‘पाणी सोडा’ वाचून माणूस अडखळणारच.

सावधानतेची ओळ चौथ्या कृतीच्या आधी आहे हेही पाहा. ती खाली टाकली, तर वाचेपर्यंत पंप सुरू झालेला असतो.

‘योग्य प्रेशर’, ‘थोडा वेळ’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द शोधून काढा आणि तिथे आकडा घाला. डिस्चार्ज बंद ठेवून पंप किती वेळ चालवायचा, ते पंपाच्या मॅन्युअलमध्ये असते. तेवढी मिनिटे लिहा, कारण त्यापुढे आतला द्रव घुसळून तापतो.

अक्षरजुळणी_ठाणे
वाक्ये सुधारूनही छपाईत माती होते, म्हणून थोडे त्यावर. कार्ड हातभर अंतरावरून वाचायचे आहे, तेव्हा अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. ओळींतले अंतर १.३ ते १.५ ठेवा. देवनागरीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात, इंग्रजीचे अंतर ठेवले की ते एकमेकांत घुसतात. अधोरेखन टाळा, रेघ उकारांवरून जाते आणि ‘सुरू’ धड वाचता येत नाही. ठळक करायचे तर ओळीतला एखादाच शब्द करा.

फाइल जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये असेल, तर आधी युनिकोडमध्ये आणा. त्या फाँटमध्ये अक्षरांमागे इंग्रजी चिन्हे असतात. शोधून शब्द सापडत नाही, आणि फाँट नसलेल्या संगणकावर सगळा गोंधळ दिसतो.

आकडे मात्र गेजवर आहेत त्याच लिपीत छापा. घाईत देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. व्हॉल्व्हचा टॅगही (ओळख-क्रमांक) पट्टीवर जसा आहे अक्षरशः तसाच हवा. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत कागदावर हॅलोजनचा उजेड पडला की वाचता येत नाही.

वाशी_क्यूए
वरचे पटते, पण ‘एकच पान’ हा हट्ट धरू नका. पान भरले म्हणून अक्षर १० पॉइंटवर आणण्यापेक्षा दोन पाने बरी. कार्डांचा खरा धोका वेगळा आहे: एसओपी बदलते आणि पंपापाशी जुनेच कार्ड लटकत राहते. कुठे किती प्रती लावल्या याची यादी एसओपीच्या शेवटी ठेवा, आणि रिव्हिजन निघाले की जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी देऊ नका.

सोप्या भाषेसाठी आयएसओ २४४९५-१ हे मानक २०२३ मध्ये आले आहे. हवे ते असणे, ते सापडणे, समजणे आणि वापरता येणे, अशी त्याची चार तत्त्वे आहेत. चाचणी त्यावरच घ्या. कार्ड न पाहिलेल्या ऑपरेटरला पंपापाशी उभे करा आणि प्रत्येक कृती मोठ्याने वाचून कुठे हात घालणार ते बोटाने दाखवायला सांगा, व्हॉल्व्हला हात न लावता. तुम्ही मधे बोलू नका. तो जिथे थांबेल किंवा ओळ परत वाचेल, तिथे खूण करा. ती ओळ बदला आणि पुढच्या वेळी दुसरा माणूस घ्या, पहिल्याला आता उत्तर पाठ झालेले असते.

रजिस्टरमध्ये घड्याळाच्या क्रमाने लिहू नका. वर तीनच रकाने करा: बंद काय आहे, अर्धवट काय आहे, पुढच्या पाळीने किती वाजता काय पाहायचे. ‘पंप ए ठीक नाही’ असे नको. ‘पंप ए: सीलमधून मिनिटाला ४ थेंब, ३ वाजता पुन्हा मोजा’ असे हवे. बाकी दिवसाची हकिकत खाली.

महापे_उत्पादन
मनापासून आभार. ‘उघडा’ आमच्या कार्डाच्या मसुद्यात सात ठिकाणी निघाला. हिंदीवाल्यांसाठी प्रत्येक ओळीखाली हिंदी ओळ द्यावी का?

रबाळे_मेंटेनन्स
नको. लिपी एकच असल्याने नजर भलत्याच ओळीवर जाते. हिंदी मागच्या बाजूला छापा, कृतींचे क्रमांक दोन्हीकडे तेच ठेवा. आणि शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका. ‘नट आवळा’ हे हिंदी वाचणाऱ्याला फळ वाटते, तिथे ‘कसो’ लिहा. भाषांतर झाले की हिंदी बोलणाऱ्या ऑपरेटरकडूनच वाचून घ्या, वरची चाचणी त्या बाजूलाही लागतेच.