बंधनातल्या जागेत खुराडं : कुठे बसवलं, कसं बसवलं? (अनुभव धागा, नागपूरकरांनी विशेष)

खुरपं_आणि_खोरं
महालातले जुने वाडे पडताना जिन्याखालची खुराडी दिसतात आणि वाटतं, त्या लोकांना जागा शोधावी लागत नव्हती. आता सोसायटीची आमसभा, मार्जिन (घराभोवती मोकळी सोडायची जागा), नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजच्या अटी, शेजाऱ्याची खिडकी, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आपला मे महिना. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी मापासकट लिहा. "आमच्याकडे पण होत्या हो कोंबड्या" एवढंच नको.

सुरुवात म्हणून माझं मत: नागपुरात खुराड्याची जागा टेप घेऊन ठरवू नये, मे महिन्यात दुपारी २ वाजता सावली कुठे आहे ते बघून ठरवावी. चार कोंबड्यांना आत १६ चौरस फूट आणि फिरायला ३०-३५ चौरस फूट पुरतं. एवढी जागा निघते. सावली निघत नाही.

बेसा_रोड
सावलीचं खरं आहे, पण लोक उत्तरेच्या भिंतीला फसतात. हिवाळ्यात ती दिवसभर थंड असते म्हणून तिथे खुराडं बांधतात. नागपूर २१ अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे झुकून असतो. उत्तर भिंतीवर तेव्हा दोन्ही वेळा ऊन, आणि दुपारची सावली वीतभर.

घराची पूर्व बाजू धरा. सकाळचं ऊन मिळतं (तेवढं हवंच, खाली पसरलेलं धानाचं तूस कोरडं राहतं) आणि बारानंतर घरच सावली देतं. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, तिकडे बघूही नका.

तर्री_कमी
पण शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं ना?

बेसा_रोड
ते मोकळ्या शेतातल्या शेडचं. दोन्ही लांब बाजूंनी तिरपं ऊन आत येऊ नये म्हणून. घर आणि कंपाउंडच्या मधल्या सांदीत घराचीच सावली असते, तिथे तो नियम लावून उपयोग नाही.

मानेवाडावाली
साडेतीन फुटांच्या सांदीसाठी माप देते. खुराडं २ फूट खोल, ८ फूट लांब, उंची ४ फूट. क्षेत्र तेच १६ चौरस फूट. उरलेल्या दीड फुटात झाडायला माणूस आडवा चालतो. दार बाहेर उघडणारं लावलं की वाट बंद, म्हणून सरकतं लावायचं. आपल्या घराच्या भिंतीला लावून ठेवायचं, कंपाउंडच्या सामाईक भिंतीला नाही. नाहीतर ओल आली, वास आला, सगळं खुराड्यावर येतं. आणि मागे चार-सहा इंच फट सोडू नका. एकतर पूर्ण चिकटवा नाहीतर झाडू जाईल एवढी जागा ठेवा. मधली फट म्हणजे उंदरांचा बंगला.

बसायची काठी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, दर कोंबडीमागे ८ ते १० इंच. अंड्याची पेटी १२ बाय १२ इंच, चार कोंबड्यांना एक पुरते. पेटी काठीच्या खाली हवी. उंच ठेवली की रात्री तिच्यातच झोपतात आणि अंडी घाण करतात.

कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

गजरा_नको
मार्जिनमध्ये ठेवणार असाल तर वीट-सिमेंट नको. पक्कं केलं की ते बांधकाम होतं आणि मार्जिनमधल्या बांधकामाची तक्रार कोणीही करू शकतं. एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम, नटबोल्टने जोडलेली, खाली चाकं. उचलून हलवता येईल असं पाहिजे. तरी लीजची प्रत एकदा वाचा. निवासी प्लॉटवर घरापुरत्या कोंबड्या आणि "गावरान अंडी मिळतील" हा बोर्ड यांत फरक आहे. बोर्ड लावला की निवासी वापराची अट मोडली म्हणायला जागा होते.

फ्लॅटवाल्यांनो, गच्ची सामाईक असते. तोंडी होकार चालत नाही, ठराव लिहून घ्या. परवानगी असली तरी वास आणि आवाज यांवर तक्रार होतेच. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतात.

पोट्टा_हुडकेश्वरचा
कोंबडा ठेवला नाई तं अर्धी तक्रार तिथंच मिटते बापा. पहाटे चार वाजता आरवते आन सेक्रेटरी उठते.

तर्री_कमी
कोंबडा नाही तर अंडी कशी?

पोट्टा_हुडकेश्वरचा
काहून? कोंबडी तशीच देते. पिल्लं पाहिजे असन तंच कोंबडा लागते.

स्लॅबवाला
गच्चीवरचं कोणी लिहिलं नाही म्हणून. वापराच्या गच्चीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला १५० किलो वरचा भार धरून डिझाइन करतात. पाइप-जाळीचं ४ बाय ४ चं खुराडं कोंबड्यांसकट शंभर किलोच्या आत राहतं, त्याची काळजी नाही. पण लोक तीन फूट उंच चार इंची विटेची भिंत घालतात. ती प्लास्टर न धरताही धावत्या मीटरला २०० किलोच्या आसपास जाते, आणि तेही एका रेषेत. खाली बीम आहे का हे न बघता हे करू नका.

स्लॅबला बोल्ट मारू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पहिल्या पावसात खालच्याच्या छताला डाग येतो. चारही पायांना रेती भरलेले डबे बांधा, मे-जूनच्या वादळात हलकं खुराडं सरळ उडतं. पाय दीड-दोन फूट उंच पाहिजेत, खालून वारा खेळला पाहिजे. स्लॅबवर टेकवलेलं खुराडं म्हणजे तव्यावर ठेवलेलं खुराडं. जागा जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला. टाकीच्या स्टँडखालची सावली चांगली दिसते, पण टाकी ओव्हरफ्लो झाली की तूस ओलं, आणि ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. सगळा "वास येतो"चा वाद तिथून सुरू होतो.

उन्हाळी_माणूस
उन्हाळ्याचं सविस्तर लिहितो, कारण खरी मर तेव्हाच होते. तिशीच्या वर तापमान गेलं की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. चाळिशीच्या वर जड जाती आधी जातात. गिरिराज, वनराज वजनाला छान पण इथे मे महिन्यात त्यांना जास्त जपावं लागतं. देशी हलकी, टिकून राहते, पण वर्षाला अंडी ६० ते ८०. मधला रस्ता ग्रामप्रिया.

टिनावर चुन्याचे दोन हात आणि त्यावर चार इंच तणस (धानाचा पेंढा). पश्चिमेला ओला बारदाना, पण जाळीपासून थोडा लांब, वारा अडता कामा नये. कूलर मेमध्ये कामाचा कारण हवा कोरडी असते. जूनमध्ये दमट झाली की कूलर बंद करून नुसता पंखा. खाद्य कोंबडीमागे रोज ११० ते १२० ग्रॅम, अर्धं सकाळी सातच्या आत, अर्धं ऊन उतरल्यावर. दुपारी पोट भरलेलं असलं की पचनाची उष्णता वरून वाढते.

पाणी. एरवी पाव लिटर लागतं, उन्हाळ्यात अर्धा लिटर धरा. गच्चीच्या टाकीवरून नळी लावून ठेवतात, दुपारी त्यातलं पाणी हात लावू देत नाही. कोंबडी गरम पाणी पीत नाही, मग अंडी बंद. मातीचं भांडं, सावलीत, दुपारी एकदा बदलून.

ज्वारीचं_कणीस
हे वाचूनच घाम आला. यावर्षी आंबे कसे आहेत कळमन्यात?

मानेवाडावाली
आंब्याचा धागा वेगळा आहे ताई 😄

जाळीबद्दल राहिलं. षटकोनी "मुर्गाजाळी" स्वस्त मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अंबाझरी, गोरेवाड्याच्या बाजूला मुंगूस भरपूर. खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश, ती एक फूट जमिनीत पुरायची किंवा बाहेरच्या बाजूला एक फूट आडवी पसरून वर विटा. इतवारीत लोहा ओळीत विचारा. कडीला पिन घाला.

पाखरू
वरूनही जाळी पाहिजे, आणि कबुतरांना दाणे टाकायचा छंद असेल तर त्या गच्चीवर खुराडं नको. मार्च २०२४ मध्ये सेमिनरी हिल्सवर बर्ड फ्लू निघाला होता, जानेवारी २०२५ मध्ये गोरेवाड्यातले वाघ आणि बिबट्या त्यानेच मेल्याचं समोर आलं. साथ जाहीर झाली की एक किलोमीटरच्या आतल्या घरगुती कोंबड्याही मारतात. भरपाई मिळते, पण पक्षी आधी मोजलेले असावे लागतात, म्हणून पंचनाम्याच्या वेळी लपवू नका.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका: पिल्लांना लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, चौथ्या आठवड्यात परत. पाण्यातून देताना नळाचं क्लोरिनवालं पाणी वापरलं की लस मरते. शंका असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

सावजी_प्रेमी
मसाला कधी आणू? 🙏

पोट्टा_हुडकेश्वरचा
हे आलेच.

गजरा_नको
कडकनाथचं अंडं काळं असतं का हो? शेजारच्या काकू पैज लावून बसल्यात.

पाखरू
नाही. फिकट बदामी असतं. काकूंना सांभाळून सांगा.

तर्री_कमी
तूस कुठून? आणि विष्ठेचं काय करायचं, चार कोंबड्यांची किती होते?

उन्हाळी_माणूस
रोज अर्धा किलो धरा. कोरड्या पाल्यात मिसळून झाकून ठेवा, दोन-तीन महिने कुजू द्या. ताजी कुंडीत टाकली तर रोप जळतं. तूस धानाचं, मौदा-रामटेककडच्या राईस मिलवर मिळतं. थर तीन इंच, रोज वरखाली करायचा. मूठभर घेऊन दाबा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, तेवढा भाग काढून नवीन टाका. सोयाबीनचं कुटार फुकट मिळतं म्हणून घालू नका, पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

तर्री_कमी
आणि पावसाळ्यात पडदा चारही बाजूंनी?

उन्हाळी_माणूस
नाही, झड येते त्याच बाजूने. वर एक फूट उघडं ठेवून.