सातवीतला मुलगा दिवाळीनंतर शाळेत गेलाच नाही, कारखान्यात बसतोय. काय करता येईल? (इंदूर)

पाटणीपुरा_ताई
नमस्कार सगळ्यांना. आमच्या इकडे एका बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथेच पत्र्याच्या खोलीत अलीराजपूरकडचं एक कुटुंब राहतं. मी संध्याकाळी मोहल्ल्यातल्या काही मुलांचा अभ्यास घेते त्यात त्यांचा मुलगा पण यायचा, सातवीत आहे, तेरा वर्षांचा, गणितात खूप हुशार. दिवाळीला सगळे गावी गेले, वापस आले, पण हा शाळेत गेलाच नाही. आता एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला बसतो, सकाळी दहा ते रात्री आठ, दीडशे रुपये रोज. त्याची मोठी बहीण आठवी झाल्यापासून घरीच आहे, आई-वडील कामावर गेले की दोन वर्षांच्या भावाला तीच सांभाळते.
शाळेत जाऊन विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तो तर गावी गेलाय ना? वडील म्हणतात आता नाव काटलं असेल, परत भरती करायला टीसी मागतील, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) मागतील, तो गावच्या पंचायतीतला आहे, कोण धावपळ करणार. तक्रार करायची मला भीती वाटते की पोलीस वडिलांनाच धरून नेतील. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, मुलगा चांगला आहे हो, वाया जाऊ द्यायचा नाहीये.

राजवाडा७
ताई १०९८ वर फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फ्री आहे, रात्री पण लागतो. नाव सांगायची पण सक्ती नाही.

जुन्या_बाई
ताई, मी सरकारी माध्यमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं, इंदूरात आणि त्याआधी धार जिल्ह्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पहिली गोष्ट, नाव काटलं असेल ही भीती वडिलांच्या मनातून काढा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला टीसी नाही म्हणून, जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा प्रवेशाची तारीख गेली म्हणून परत पाठवता येत नाही. आयडीचं काम मागाहून होतं, मूल आधी वर्गात बसलं पाहिजे. आणि ह्याचं नाव तर बहुतेक रजिस्टरवर असेलच, फक्त गैरहजेरी लागत असेल.
दुसरं, मूल एका दिवसात शाळा सोडत नाही हे आम्हाला हजेरीच्या रजिस्टरवरून कळायचं. आधी सोमवारी दांडी, मग हाफ टाईमनंतर गायब, मग सलग चार दिवस नाही. त्या चार दिवसांत कुणी घरी गेलं तर मूल नक्की परत येतं, महिना उलटला की त्याच्या हातात पैसे आलेले असतात, घरच्यांना त्या पैशाची सवय होते, आणि मुलाला वर्गात यायची लाज वाटायला लागते. म्हणून आमचा नियम होता, सलग तीन दिवस गैरहजर असेल तर वर्गातली दोन मुलं आणि एक शिक्षक घरी जाणार. बाल कॅबिनेटमधल्या (शाळेतल्या मुलांचं मंडळ) मुलांना कोण कुठे कामाला लागलंय ते आमच्या आधी माहीत असायचं! गावी गेलाय असं कुणी सांगितलं तरी शेजारी विचारायचं, कारण घरचे लोक संकोचून तेच सांगतात.
तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो वर्गात आल्यावर काय? दोन-अडीच महिने बुडालेत, वर्ग पुढे गेलाय. त्याला मागच्या बाकावर बसवून दिलं तर आठ दिवसांत परत कारखान्यात जाईल. कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुसार वर्ग आणि मागे राहिलेल्यासाठी विशेष प्रशिक्षण आहे, शाळेला ते मागा, पण खरं सांगू का, शाळा सुटल्यावर रोज एक तास कुणीतरी घेऊन बसलं तर जास्त उपयोग होतो, आणि ते तर तुम्ही आधीपासून करताच आहात.
एक लक्षात ठेवा, होळीच्या आधी भगोरिया असतो, तेव्हा झाबुआ-अलीराजपूरचे लोक गावी जातात आणि इकडे नेमक्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. आमची कितीतरी मुलं तिथेच गळायची. आत्ताच वडिलांशी बोला की मुलगा परीक्षेपर्यंत कुणाकडे राहील.

सियागंज_वाला
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. घरात खायला नसेल तर दीडशे रुपये दीडशे असतात. मी पण शाळेनंतर वडिलांच्या दुकानात बसूनच शिकलो. काम शिकला तर चार पैसे कमावेल, नाही तर डिग्री घेऊन फिरणारे पण खूप पाहिलेत.

जुन्या_बाई
दादा, तुम्ही शाळेनंतर बसायचात, शाळेऐवजी नाही. सगळा फरक त्यातच आहे. दहा ते आठ धागे कापणारा मुलगा दोन वर्षांनी पण धागेच कापत असतो, शिलाई मशीनवर त्याला कुणी बसवत नाही. आणि त्याला दीडशेत ठेवलाय म्हणून तिथे मोठ्या माणसाला पूर्ण रोज देऊन ठेवत नाहीत, म्हणजे त्याच्याच वडिलांसारख्या लोकांची मजुरी खाली येते.
शांता सिन्हांच्या एमव्ही फाउंडेशन ह्या संस्थेने तेव्हाच्या आंध्रच्या, आता तेलंगणातल्या, रंगारेड्डी जिल्ह्यात हेच धरून काम केलं, शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालमजूरच समजायचं. तिथे गरीब आई-बाप मुलांना शाळेत घालायला तयार होते, आधी शिबिरात राहून मुलं ब्रिज कोर्स, म्हणजे बुडालेला अभ्यास भरून काढायचा वर्ग, करायची आणि मग वयाप्रमाणे वर्गात जायची. सिन्हांना २००३ मध्ये मॅगसेसे मिळालं ते ह्याच कामासाठी.

वकील_तिलकनगर
ताईंच्या भीतीबद्दल लिहितो. बालमजुरीचा कायदा १९८६ चा, २०१६ मध्ये बदल झाला. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही, सूट फक्त घरच्या धोका नसलेल्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायची आणि बाल कलाकाराची. कारखानावाल्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे. आई-वडिलांना पहिल्या वेळेला शिक्षा नाही, दुसऱ्यांदा झालं तर दंड. म्हणजे वडिलांना उचलून नेतील ही भीती धरू नका.
१०९८ ला कळवलं तर मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेतात. तिथे तुम्ही आणि वडील दोघं हजर राहा, म्हणजे मुलगा एकटा घाबरणार नाही. कारखानावाल्याचा जो दंड येतो तो मुलाच्या पुनर्वसनाच्या खात्यात जातो आणि सरकार त्यात १५ हजार घालतं. शिवाय मिशन वात्सल्य ह्या सरकारी योजनेत महिन्याला ४००० रुपयांची स्पॉन्सरशिप आहे, उत्पन्न बघून मिळते, तो अर्ज पण त्याच वेळी द्या. दीडशे रुपयांचं काय, ह्या प्रश्नाला थोडं तरी उत्तर त्यात आहे.

बीडची_सून_इंदूरात
माझी नणंद बीडकडे जिल्हा परिषद शाळेत आहे. तिकडे ऊसतोडीला आई-बाप गेले की मुलं पण जायची, आता गावातच हंगामी वसतिगृह चालवतात, आणि जे मूल जातंच त्याला शिक्षण हमी पत्रक देतात, ते दाखवलं की तिकडची शाळा लगेच बसवून घेते. बालरक्षक म्हणून शिक्षकच नेमलेत, शाळेबाहेरची मुलं शोधायची त्यांनी. आपल्याकडे बांधकामावर येणाऱ्या मुलांसाठी असं काहीतरी हवं असं मला फार मनापासून वाटतं. साइटवरच्या ठेकेदाराला माणसं कधी येणार, कधी जाणार ते सगळं माहीत असतं, शाळेला मात्र काहीच कळत नाही.

पाटणीपुरा_ताई
सगळ्यांचे खूप आभार. आज शाळेत जाऊन आले, रजिस्टरवर नाव आहे! जनशिक्षक (आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारे) पण तिथेच भेटले, उद्या शाळा प्रबंधन समितीतली एक आई आणि मॅडम माझ्याबरोबर साइटवर येणार आहेत. कारखान्याबद्दल १०९८ ला सांगितलं, तिथे अजून लहान मुलं आहेत असं मुलगाच म्हणत होता.
पण बहिणीचं काय? ती पंधराची आहे. तिच्याबद्दल कुणीच काही म्हणत नाही, मॅडमसुद्धा म्हणाल्या तिची आठवी झाली ना.

जुन्या_बाई
हेच तर दुखणं आहे ताई. शिक्षण हक्क चौदाला संपतो, शाळेतलं दुपारचं जेवण आठवीला संपतं, आणि चौदानंतर धोक्याचं काम सोडून बाकी कामाला कायद्याची पण ना नाही. सगळे हात एकाच वयात सुटतात, म्हणूनच नववी-दहावीत सगळ्यात जास्त गळती आहे. आणि घरात भाऊ सांभाळणारी मुलगी तर कुणाच्या मोजणीतच येत नाही, तिला कुणी कामाला ठेवलेलं नाही ना.
दोन वाटा आहेत. एप्रिलला नवं सत्र सुरू होईल तेव्हा नववीत प्रवेश, जनजातीय (आदिवासी) विभागाच्या मुलींच्या छात्रावासात, म्हणजे वसतिगृहात, जागा मिळते का ते जनशिक्षकांना आत्ताच विचारायला लावा, आठवीची मार्कशीट आणि जातीचा दाखला गावाहून मागवून ठेवा. ते नाहीच जमलं तर ओपन बोर्डातून दहावी, चौदा पूर्ण झाले की बसता येतं, पण ती दुसरी वाट, कारण घरी बसून अभ्यास म्हणजे परत भाऊच सांभाळणं.
लहान भाऊ दोन वर्षांचा, अंगणवाडीत रोज बसवून घेतात ते तिनाला. तोपर्यंत साइटवर अजून कुणाची लहान मुलं आहेत का बघा. पाच-सहा असली तर ठेकेदाराशी बोलून एका बाईला रोज देऊन सांभाळायला बसवता येईल, आम्ही धारला तसं करून घेतलं होतं.

वकील_तिलकनगर
ठेकेदाराशी बोलायला मी येतो. बांधकामावर ठराविक संख्येच्या वर लोक कामाला असतील तर पाळणाघर त्याला द्यावं लागतं, कमी असले तर विनंतीने बघू. रविवारी सकाळी चालेल का ताई?

पाटणीपुरा_ताई
चालेल दादा, नऊ वाजता, मुलाची आई पण तेव्हा घरी असते.