'दाय लो' म्हणजे दादा की भाई?

प्रश्न: 'अ बेटर टुमॉरो' (१९८६) हा हाँगकाँगचा गुन्हेपट इंग्रजी सबटायटल्स लावून पाहिला. जो तो एकमेकांना 'ब्रदर' म्हणतोय. मूळ कँटोनीजमध्येही (हाँगकाँगच्या चिनी बोलीत) एकच शब्द आहे का? मराठीत काय म्हणावं?

उत्तर: एक नाही, निदान तीन आहेत. 'दाय लो' म्हणजे थोरला भाऊ, आणि टोळीचा म्होरक्याही 'दाय लो'च. नावाला जोडून येतो तो 'गो', जसं 'मार्क गो'. 'हिंग दाय' म्हणजे बंधू, सख्खे किंवा मानलेले.

'दाय लो'साठी मी डोळे मिटून 'दादा' घेईन. घरातला थोरला दादा आणि ज्याला अख्खी गल्ली टरकते तोही दादाच. सिनेमाला हा दुहेरी अर्थ हवाच आहे. हो (अभिनेता ती लुंग) हा किटचा (लेस्ली चंग) सख्खा थोरला भाऊ, आणि खोट्या नोटांच्या टोळीतला बडा माणूस. किट पोलिसात जातो. वडील या धंद्यापायी मारले गेल्यावर तो ज्याला नाकारतो, तो एकाच वेळी दोन्ही अर्थांनी दादा असतो. 'भाई' म्हटलं की फक्त टोळी उरते.

प्रतिसाद: आमच्या कोकणात थोरल्याला भाईच म्हणतात हो! बाकी पटलं. पण होचा टोळीतला साथीदार मार्क आणि हो यांच्यातलं जे नातं आहे, त्याला 'मैत्री' फारच पातळ वाटतं.

उत्तर: कोकणाबद्दल मान्य, तिथे 'भाई' खुशाल चालवा.

त्या नात्याला कँटोनीजमध्ये 'यी हेय' म्हणतात. 'निष्ठा' नको, ती वरच्याशी असते; ही बरोबरीच्यांतली. 'जिवाला जीव देणं' सर्वात जवळचं. होला दगा झाल्यावर मार्क (चाऊ युन-फॅट) एकटा तैवानच्या हॉटेलात जातो. जाताना बोळातल्या कुंड्यांमध्ये पिस्तुलं खोचून ठेवतो, म्हणजे परतताना गोळ्या भरत बसायला नको. सूड घेतो, पण पाय कायमचा जातो. शेवटी किटला खडसावताना 'हिंग दाय म्हणजे...' एवढंच तोंडून निघतं आणि गोळी लागते. व्याख्या अर्धीच राहते. हे लिहिणाऱ्याला माझा दंडवत.

दिग्दर्शक जॉन वू आधी तलवारपटांचे दिग्दर्शक चांग चेह यांचे सहायक होते, आणि ती लुंग चांग यांच्याच तलवारपटांचा नायक. त्या तलवारबाजांचं 'यी हेय' वूंनी पिस्तुलवाल्यांना दिलं. निर्माता त्सुई हार्क. चित्रपटाने हाँगकाँगमध्ये कमाईचा विक्रम केला आणि गुन्हेपटांची लाटच आली.

प्रतिसाद: आणि मार्कचा तो लांब कोट?

उत्तर: त्याचाही शब्द झाला! तसल्या लांब कोटाला तिथे 'मार्क गो लाउ' म्हणतात. 'लाउ' म्हणजे कोट. हाँगकाँगच्या दमट हवेतही पोरं तो घालून फिरत. मराठीत सरळ 'मार्कदादाचा कोट' म्हणा.