कडुलिंबाच्या पानांपासून केलेलं नॅनो सिल्व्हर करप्यावर फवारू का?

प्रश्न:
नमस्कार, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, चांदीचे नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कण करायचे. कडुलिंबाच्या पानांचा अर्क काढला, त्यात १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेट घातलं, आधी पिवळसर मग मस्त तपकिरी रंग आला. लॅबमधल्या प्लेटवर अल्टरनेरियाची (करपा आणणारी बुरशी) वाढ बरीच थांबली. आता घरच्या टोमॅटोवर करपा आलाय तर हेच मारू का? गाईड म्हणतात थांब, पण रोज खालची पानं वाळतायत, बघवत नाही.

उत्तर १:
गाईड बरोबर सांगतायत. रंग बदलला म्हणजे कण तयार झाले असावेत, पण यूव्ही-व्हिजिबलला (कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास आलेखात शिखर आलं का ते बघ आणि मुख्य म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेट, काय ठेवलेस? नुसता अर्क एका प्लेटवर, नुसतं सिल्व्हर नायट्रेट दुसऱ्या प्लेटवर, हे हवंच. चांदीचे आयन स्वतःच बुरशी मारतात, त्यामुळे सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून, कण तळाशी बसवून) कण नीट धुतले नसतील तर उरलेल्या नायट्रेटचा परिणाम तू नॅनोच्या नावावर लिहिशील. माझ्याकडून हीच चूक झालीये, सहा महिने गेले.

उत्तर २:
झाडावर नकोच. फवारा शेवटी मातीत उतरतो आणि चांदीला करपा कुठला आणि ट्रायकोडर्मासारखी मातीतली उपयोगी बुरशी कुठली हे कळत नाही, मायकोरायझालाही (मुळांशी जोडून राहणारी, झाडाला मदत करणारी बुरशी) त्रास होऊ शकतो. शिवाय चांदी हा धातू आहे, कुजून संपत नाही. आणि खायच्या फळावर कसं मारणार? आत्ता रोगट पानं काढून लांब टाक, पाणी बुडाशी दे, पानं ओली ठेवू नकोस, आणि टोमॅटोसाठी शिफारस असलेलं तांब्याचं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेतच वापर. तांबं काही नवं नाही, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून माहितीये. आता तांब्याचे नॅनोकण करून तेवढंच काम कमी तांब्यात होतं का यावर काम चाललंय, मला तर चांदीपेक्षा ते जास्त पटतं.

प्रश्नकर्ती:
नुसत्या नायट्रेटची प्लेट ठेवलीच नव्हती 😔 उद्याच लावते. अजून एक, पहिल्यांदा नळाचं पाणी घेतलं तर नायट्रेट टाकताच दुधाळ झालं, ते का?

उत्तर १:
नळाच्या पाण्यातलं क्लोराइड, सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. ती बॅच टाकून दे, सिंकमध्ये नको, लॅबच्या वेस्ट बाटलीत. डिस्टिल्ड वॉटरच घे आणि हातमोजे घाल, कातडीवर काळे डाग पडतात.