ब्रिस्बेन ते केर्न्स गाडीने: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त, सध्या ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला मुलीकडे व्हिजिटर व्हिसावर आहोत. ऑगस्टमध्ये ब्रूस हायवेने किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निवांत केर्न्स शहरापर्यंत जायचा विचार आहे. अंतर साधारण १७०० किमी. ऑगस्टच का, तर तिकडे नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम, तिकडच्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) पाऊस आणि चक्रीवादळांची धास्ती. शिवाय वाटेतल्या हर्वी बे या किनाऱ्यावरच्या गावी ऑगस्टमध्ये हंपबॅक देवमासे दिसतात. ते चुकवायचे नाहीत.

ह्यांना कॅम्परव्हॅनच (आत झोपायची सोय असलेली गाडी) हवी आहे. मला मात्र साधी गाडी घेऊन हॉलिडे पार्कमधल्या (कॅम्परव्हॅन लावायच्या जागा आणि केबिन असलेलं मुक्कामाचं ठिकाण) केबिनमध्ये राहावं असं वाटतं. वयाच्या पासष्टीत रात्री उठून अंधारात सार्वजनिक टॉयलेटपर्यंत चालत जायची हौस मला नाही! कोणी दोन्ही करून पाहिलंय का? खर्चात खरंच किती फरक पडतो? पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात कुकर लावता येतो ना? फोडणीच्या वासाने शेजारी वैतागत नाहीत ना, तेही सांगा.

गाडी हेच चालवणार, भारतातल्या लायसन्सवर. डावीकडून चालवायची सवय आहेच, पण संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात म्हणून अंधाराआधी मुक्कामाला पोचायचं ठरवलंय. मग वाटेतला रॉकहॅम्प्टन ते मकाय हा लांबचा, निर्मनुष्य टप्पा एका दिवसात झेपेल का? की मध्ये कुठे थांबावं? आणि व्हिटसंडे बेटांच्या बोटी जिथून सुटतात त्या एअरली बीचला किती दिवस ठेवावेत? ती बोट मला लागेल अशी भीती आहे, त्यावर काही उपाय असेल तर जरूर कळवा.