कर भरून झाला, वर आणखी पैसे सरकारला द्यायचेत. कुठे भरावेत? (सातारा)

रहिमतपूरकर: वडिलांचं रिटर्न भरून झालं, देणं शून्य. त्यांना पेन्शनमधले २५,००० सरकारजमा करायचेत. खासगी ट्रस्ट नको म्हणतात. प्राप्तिकराच्या चलनातच वाढवून भरले तर?

पोवईनाका: त्या वाटेला जाऊ नका. जादा भरलेला कर रिटर्न प्रोसेस झालं की परतावा होऊन खात्यावर येतो. तो एकूण कराच्या १० टक्के किंवा जास्त असला तर वर महिन्याला अर्धा टक्का व्याज, म्हणजे तिजोरीलाच भुर्दंड. बँक खातं व्हॅलिडेट नसेल तर परतावा नुसता लटकतो, त्याची देणगी होत नाही.

राज्य सरकारकडे ऑनलाइन पैसे भरायच्या 'ग्रास' पोर्टलवर अंदाजाने चलन काढू नका. तिथे विभाग, लेखाशीर्ष (रक्कम कोणत्या सदरात जमा होणार ते), कार्यालय सगळं निवडावं लागतं. शीर्ष चुकलं की जीआरएन (चलनाचा क्रमांक) हातात, पण पैसे कोणाच्याच हिशेबात धड नाहीत. मग अर्ज आणि हेलपाटे. केंद्राच्या 'भारतकोष' पोर्टलवरही तेच: मंत्रालय निवडल्यावर उद्देशांच्या यादीत 'देणगी' स्पष्ट दिसली तरच पुढे जा.

कृष्णाकाठ_सांगली: सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय संरक्षण निधी (१९६२ पासून, खातं रिझर्व्ह बँकेत), पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी (१९४८) किंवा मुख्यमंत्री सहायता निधी. पत्ता अधिकृत संकेतस्थळावरूनच उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर स्कॅन करू नका, आणि पैसे सोडण्याआधी पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव वाचा.

पण वडिलांचा हट्ट 'तिजोरीत' असा असेल तर हे सांगून ठेवा: पंतप्रधान मदत निधी संविधानाच्या कलम २६६ मधल्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, येत नाही. त्याला अर्थसंकल्पातून पैसा मिळत नाही, तो लोकांच्या देणग्यांवरच चालतो.

पोवईनाका: आणि वजावटीचं. जुन्या करप्रणालीत या तिन्ही निधींना १०० टक्के वजावट आहे, फक्त २,००० च्या वरची रोख चालत नाही. नव्या प्रणालीत वजावटच नाही. पण ३० टक्क्यांच्या टप्प्यात २५,००० ची वजावट घेतली तर उपकरासह ७,८०० कर वाचतो, म्हणजे सरकारकडे निव्वळ १७,२००च जातात. 'कराच्या वर' द्यायचं असेल तर वजावट मागूच नका.

माणदेशी: साताऱ्यातच द्यायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधी (सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा). ७ डिसेंबरची, म्हणजे ध्वजदिनाची, वाट बघत बसू नका, आधी चौकशी करा, चेक द्या, पावती घ्या. अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव असलेल्या जिल्ह्यात याहून जवळचं खातं कुठलं!

रहिमतपूरकर: आणि गावच्या ग्रामपंचायतीत दिले तर?

माणदेशी: चालेल, पण पावती बघून घ्या. नमुना ७ ची सामान्य पावती हवी, तीवर 'देणगी' आणि कशासाठी ते लिहून घ्या. नमुना १० फाडला तर तो कराचा, रक्कम पुढच्या घरपट्टीत वळती व्हायची.