ग्वाल्हेर: घरफोडीच्या भीतीने बारा बोअरची दुनळी घ्यावी का?

दाणाओळीकर (धागाकर्ता)

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कितीतरी मराठी वाड्यांत आता आठ खोल्या आणि दोन म्हातारी माणसं उरली आहेत. मुलं पुण्याला नाहीतर बंगळूरला. थंडीत घरफोड्यांची बोलणी सुरू झाली की सल्ला ठरलेला, कॅमेरे लावा. कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही.

माझं मत: ज्याला परवाना मिळू शकतो त्याने घरासाठी बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, घ्यावी. रिव्हॉल्व्हर नको, रायफल तर नकोच. दुनळी मोडली, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडली, की भरलेली आहे की रिकामी हे एका नजरेत कळतं. दोन नळ्या, दोन चाप, आतली यंत्रणा दोन्हीकडे स्वतंत्र. एक काडतूस फुसकं निघालं तरी दुसरा चाप हाताशी असतो. रायफलीची गोळी कुठल्या कुठे जाते, छर्ऱ्याचा जोर त्यामानाने लवकर ओसरतो. आणि अंधारात घाबरलेल्या माणसाला बारीक नेम धरता येत नाही, छर्रे पसरतात.

विरोधी मतं येऊ द्या, पण ‘बंदूक वाईट असते’ यापुढचं काहीतरी.

कडीकोयंडा

पुढचंच सांगतो. घोळ वेळेचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीची अट आहे आणि ती योग्यच आहे: बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळी ठेवणं हा साधा शहाणपणा. आता रात्री अडीचचा हिशोब मांडा. जाग, चष्मा, किल्ली, कपाट, खोळ, काडतुसांचा डबा, नळ्या मोडणं, दोन काडतुसं सरकवणं, बंद करणं. सराव असलेल्या माणसाला दिवसा अर्धं मिनिट लागेल. सत्तरीतल्या माणसाला अंधारात दोन मिनिटं धरा. अर्ध्या इंची स्क्रूंवर लटकलेली चिटकणी पहारीने उचकटायला इतका वेळ लागत नाही.

म्हणजे ती दोन मिनिटं दारानेच मिळवून द्यायची आहेत. दाराने पाच मिनिटं दिली तर तेवढ्यात ११२ लागतो, दिवे लागतात, शेजार जागा होतो. मग दुनळीचं काम काय उरलं?

आपल्या जुन्या वाड्यांना अडसर होता. भिंतीतल्या खोबणीतून ओढून दुसऱ्या भिंतीत घालायचा सागवानी दांडा. रंगकामाच्या वेळी खोबणी बुजवल्या आणि दाराला हार्डवेअरच्या दुकानातलं लॅच लावलं. चूक तिथे झाली.

दाणाओळीकर

अडसर पुढच्या दाराला असतो हो. लश्करात गच्चीला गच्ची लागून आहे, येणारा वरून येतो. शिवाय दोन मिनिटांचा हिशोब कपाट दुसऱ्या खोलीत धरून केलाय. ते झोपायच्या खोलीतच, भिंतीला बोल्टने आवळलेलं, आकड्यांच्या कुलपाचं ठेवता येतं.

थाटीपूर_ताई

छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही, हा गैरसमज इतका रुजलाय की त्यावरच थांबते. साध्या, चोक (तोंडाशी केलेली अरुंदी) नसलेल्या नळीतून छर्ऱ्यांचा झुबका ढोबळ मानाने गजाला इंचभर पसरतो. खोलीत अंतर किती? चार-पाच मीटर. तेवढ्यावर तो जेमतेम पंज्याएवढा असतो. डाव्या नळीला बहुधा जास्त चोक असतो, तिचा झुबका आणखी लहान. नेम चुकला तर सगळंच्या सगळं चुकतं.

आणि चुकलेलं जातं कुठे? एलजी या मोठ्या छर्ऱ्याच्या काडतुसात सहा छर्रे, एकेक जवळपास नऊ मिलिमीटरचा. एसजीत आठ-नऊ, थोडे लहान. फ्लश डोअर, प्लायचं पार्टिशन, खिडकीची काच यांना ते जुमानत नाहीत. पलीकडे नातवंडं झोपलेली असतात. पक्की नऊ इंची वीटभिंत त्यांना अडवते, पण सिटी सेंटरकडच्या नव्या फ्लॅटांत आतल्या भिंती निम्म्या जाडीच्या. जुन्या वाड्यात उलटा त्रास. भिंत दगडाची, छत पटियांचं, म्हणजे दगडी फरशांचं. छर्रा आरपार जात नाही, उसळून परत येतो, दगडाच्या कपच्या उडतात त्या वेगळ्या.

काही जण म्हणतात सहा नंबरचा बारीक छर्रा वापरा, भिंतीपलीकडे जाणार नाही. खरं आहे, धोका कमी होतो. पण खोलीएवढ्या अंतरावर तो झुबका सुटा झालेलाच नसतो. ‘नुसता जखमी करीन’ या हिशोबाने कुणी तो भरत असेल तर भ्रमात आहे. बारा बोअरमध्ये ‘थोडंसं मारणं’ असा प्रकार नाही.

अजून एक, परवाना कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या. तो गावाला गेला की कायद्याने ती बंदूक बायकोच्या काहीही कामाची नाही. घरात एकटी बाई असते तीच रात्र तुमच्या योजनेतून सुटते.

छत्रीबाजार

आचारसंहिता राहिली की! ९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची लागली, १६ मार्च २०२४ ला लोकसभेची. जमा करायचा आदेश निघाला की बंदूक ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे, हातात पावती. दोन्ही मिळून साडेचार महिने होतात. चोरांनी तेवढे दिवस सुट्टी घ्यावी, अशी जाहीर विनंती करावी काय?

गजचिंधी

बंदुकीच्या बाजूने आहे, तरी धागाकर्त्याला एक गोष्ट विचारतो. दुनळी नवी घेणार की माळ्यावरची वडिलोपार्जित काढणार? ग्वाल्हेरात दुसरीच शक्यता जास्त. सरदार घराण्यांतून, जुन्या नोकरदारांकडून उतरत आलेल्या विलायती दुनळ्या अजून आहेत. परवाना वारसाने नावावर होतो, बंदूक तपासून घ्यायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

पहिलं बघायचं ते नळीचं पोलाद. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी केलेल्या असतात. नळ्यांच्या बुडाशी नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूच्या दाबाची चाचणी झाल्याचा, ठसा नसेल तर तिच्यात आजचं काडतूस घालू नये. शोभेला ठेवा.

दुसरं, काडतुसाच्या खोबणीची लांबी. जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच इंची. बाजारात ७० ची काडतुसं सर्रास मिळतात. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या खोबणीत बिनबोभाट बसतं, कारण त्यावरचा आकडा उडाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या नळकांड्याचा असतो. बार उडताना ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अडते, दाब वाढतो. ‘बसतंय म्हणजे चालतंय’ हे इथे लागू नाही.

तिसरं, सांध्याचा ढिलेपणा. नळ्यांखालचं लाकूड काढा, रिकामी बंदूक बंद करून दस्ता धरून हलवा. खडखड वाजली किंवा उजेडाकडे धरून नळ्यांचं बूड आणि त्यामागचा सपाट पोलादी भाग यांमध्ये फट दिसली, तर कारागिराकडे न्या. नळ्या सुट्या करून दोरीला टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर मधल्या पट्टीचं डाख पक्कं, बद्द आवाज आला तर सुटलेलं. आत बघायचं ते गंज, खड्डे आणि पोचे.

चौथं, सेफ्टी. बिनघोड्याच्या, म्हणजे बाहेर घोडा न दिसणाऱ्या, बहुतेक दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा ताणलेलाच राहतो. भरलेली बंदूक सेफ्टीवर टाकून कोपऱ्यात उभी केली आणि घसरून पडली तर बार उडू शकतो. ‘उशाशी भरून ठेवतो’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

फुसक्या बाराचं कारणही बहुतेक वेळा काडतूस नसतं. वर्षानुवर्षं तेल ओतून काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनेच्या भोकात चिकट लगदा झालेला असतो, जानेवारीच्या थंडीत तो आणखी घट्ट होतो आणि पिनेचा ठोका हलका पडतो. तेल चिंधीवर थेंबभर घ्यायचं. चाप ओढून बार झाला नाही तर लगेच मोडू नका, नळ्या सुरक्षित दिशेला धरून पूर्ण अर्धं मिनिट थांबा.

मुरारवाला

मग पंप अॅक्शनच घ्या ना, नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची ती. त्याचा ‘खटॅक्’ आवाज ऐकूनच चोर पळतो.

गजचिंधी

पळेलही. नाही पळाला तर तुम्ही कुठे उभे आहात आणि तुमची नळी आत्तापर्यंत रिकामी होती, हे दोन्ही त्याला कळलं. शिवाय घाबरलेला हात पंप पुरता मागे नेत नाही, अर्ध्यातून पुढे ढकलतो. रिकामं नळकांडं अडकतं किंवा पुढचं काडतूस चढतच नाही. वर्षातून दोनदा कपाटातून निघणाऱ्या हाताला पंप देऊ नये.

आणि नळी कापून आखूड करायची सूचना कुणी करायच्या आत: वीस इंचांखालची नळी प्रतिबंधित वर्गात जाते, विनापरवाना कापणं हाच गुन्हा आहे.

कलम४१

कायद्याबद्दल दोन्ही बाजूंनी ढिसाळ बोललं जातंय.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. खासगी बचावाची कलमं ३४ ते ४४. मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हक्क कधी पोचतो हे कलम ४१ सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा गृहअतिक्रमण ज्यातून मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटेल. भिंत चढून गच्चीवरून आत येणं घरफोडीच्या व्याख्येत बसतं. इथवर धागाकर्ते खूश होतील.

आता कलम ३७: बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. कलम ४३: घरफोडीपुरता हक्क अतिक्रमण चालू असेपर्यंतच. माणूस कठड्यावरून उडी मारून गल्लीत पळाला की हक्क संपला. बचाव होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क कृपणपणे मोजू नये असंही म्हटलंय आणि तो सूड उगवण्यासाठी नाही असंही.

‘तो अंगावर आला’ हे नुसतं म्हणून भागत नाही. छर्ऱ्यांचा पसारा, जखमेत सापडलेली काडतुसातली चकती, दारूचे डाग यांवरून अंतराचा अंदाज निघतो. छर्रे पाठीत असतील तर शवविच्छेदनात दिसतंच.

हवेत बार काढणाऱ्यांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे बंदूक चालवून इतरांचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरतूद वरातीतल्या गोळीबारापुरती नाही.

थाटीपूर_ताई

आणि ओळखायचं कसं? दुनळीला दोन्ही हात लागतात, टॉर्च कोण धरणार? पुण्याहून येणारी गाडी उशिरा पोचली की मुलगा रात्री तीनला न कळवता दार ढकलतो. बंद खोलीत एक बार झाला की दीडशे डेसिबलच्या वर आवाज, पुढची काही मिनिटं कानात शिट्टी. त्यानंतर ‘बाबा, मी आहे’ ऐकूही येणार नाही.

दाणाओळीकर

म्हणून तर बंदूक घेऊन घरभर हिंडायचं असं मी म्हटलंच नाही. सव्वातीन किलोची, चार फुटांच्या आसपास लांब वस्तू घेऊन वाड्याच्या जिन्यात शिरणं म्हणजे नळीचं टोक दुसऱ्याच्या हातात देणं. झोपायच्या खोलीचं दार आतून बंद, फोन चालू, ओरडून सांगायचं की पोलिसांना कळवलंय. दार फोडून आत आलाच तर. तेवढ्यापुरती दुनळी. ताईंच्या परवान्याच्या मुद्द्याला उत्तर आहे, बायकोनेही स्वतःचा अर्ज करावा. आचारसंहितेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

गजचिंधी, आमच्या नळीवर अडीचचा आकडा दिसत नाही. मग?

गजचिंधी

आकडा नसेल तर अंदाज नको, कारागिराकडे मापाची गेज असते. ते होईपर्यंत ६५ धरून चाला.

कडीकोयंडा

कारागिराकडे जाल त्याच दिवशी गच्चीच्या दाराच्या बिजागऱ्या बघा. बाहेरच्या बाजूला असतील तर हातोडीने पिना वर ठोकून दार उचलता येतं, कुलूप जागच्या जागी लटकत राहतं. दार बंद असताना पल्ल्यातून चौकटीच्या भोकात शिरणारी खिट्टी बिजागरीच्या बाजूला बसवून घ्या, वर एक, खाली एक.